शिक्का नसलेले पाकीट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त सरकारी वकील, अविवाहित, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही. स्वादुपिंडाच्या तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे, वाचणाऱ्याला तो पुरेसा आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतकी माणसे माझ्याकडे येत नाहीत. जन्मभर इतरांच्या कागदांतल्या त्रुटी काढल्या आणि स्वतःचा कागद करायची टाळाटाळ केली, ती आज संपवतो. लग्न केले नाही. त्याचे कारण या दस्तऐवजाशी संबंधित नाही.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी करावी. जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून त्यांचा आणि माझा तीन वर्षे अबोला आहे. त्या तीन वर्षांत ते माझ्याबद्दल सोसायटीत पुष्कळ बोलले, पण खोटे एक अक्षर बोलले नाहीत. म्हणून त्यांना निवडले. विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले,

"वकीलसाहेब, मी तुमच्याशी बोलत नाही, हे लक्षात आहे ना?"

"बोलू नका. मी गेल्यावर कुलूप उघडा आणि कागदात लिहिलंय तसं करा, एवढंच."

"आणि कपाटाचं काय?"

"ते तुम्हाला."

"आता देताय होय," ते म्हणाले. "गुडघे गेल्यावर."

तरी जिन्यातले चपलांचे कपाट, किल्लीसह, त्यांना द्यावे.

कलम २. अंत्यविधी विजेच्या दाहिनीत, कमीत कमी वेळात उरकावा. माझ्या जुन्या कार्यालयातून कोणी आले तर त्यांना येऊ द्यावे, पण बोलू देऊ नये. ते माझ्या सचोटीबद्दल बोलतील. का बोलू देऊ नये ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ३. माझी हत्यारे म्हणण्यासारख्या वस्तू थोड्या आहेत. कागदाला भोके पाडायचे लोखंडी यंत्र, दोन शाईची पेने आणि टेबलावरचा दिवा, हे सर्व माझ्या लघुलेखिकाबाईंना द्यावे. बावीस वर्षे त्यांनी माझे युक्तिवाद टंकले आणि माझी वाक्ये मला न विचारता लहान केली. मी एकदाही आभार मानले नाहीत; त्यांनीही कधी अपेक्षा दाखवली नाही. कायद्याची पुस्तके रद्दीत घालावीत. कायदा दोनदा बदलला आहे, जुने पुस्तक नव्या वकिलाच्या हाती पडले तर पक्षकाराचे नुकसान होईल.

कलम ४. बँकेतली सर्व ठेव माझ्याकडे एकोणीस वर्षे घरकाम करणाऱ्या बाईंना द्यावी. गेले आठ महिने त्यांनी घरकामाच्या पलीकडची पुष्कळ कामे केली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्यांच्या जावयाला या रकमेबद्दल आधी कळू नये.

कलम ५. पुढची कलमे समजण्यासाठी माझे काम काय होते ते थोडे लिहितो. दंतवैद्य अजूनही मला जागांच्या खरेदी-विक्रीचा वकील समजतात.

मी चौतीस वर्षे सरकारच्या स्पर्धा-कार्यालयात होतो. व्यापाऱ्यांनी एकमेकांशी स्पर्धा करावी, आतून हातमिळवणी करून भाव ठरवू नयेत, असा कायदा आहे. तो मोडणाऱ्यांवर खटले चालवायचे. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. चार टेबले, अकरा कपाटे, एक खिडकी, आणि ती खिडकी कपाटामागे. समोरच्या पक्षाचे वकील सहा-सहा जण यायचे, कागद ढकलगाडीवर आणायचे. आमच्याकडे एक मी आणि एक कापडी पिशवी. खोकल्याच्या औषधाचा खटला मी जिंकलो, वह्यांच्या कागदाचा जिंकलो, पावाचा हरलो, बसवाल्यांचा नऊ वर्षे चालवून हरलो. हरलेल्या खटल्यांचे मला कमी वाईट वाटते.

कार्यालयात मला मागे 'शिक्कासाहेब' म्हणत. आवक-नोंदवहीत नोंद नाही आणि वर तारखेचा शिक्का नाही असा कागद मी हातात घेत नसे, मग तो मंत्र्याकडून आलेला असो. शिक्का नसलेला कागद आलेलाच नाही, असे मी नव्या मुलांना शिकवायचो. माझा धाकटा भाऊ माझी नक्कल करायचा. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली घेऊन प्रत्येक पोळीवर आपटायचा आणि म्हणायचा, "आवक क्रमांक एक. आता खा." त्याची मुलगी हसून हसून ताटावर पडायची. ती फार बोलायची, म्हणून तो तिला टिटवी म्हणत असे. हे सगळे या घरात, याच टेबलावर झाले आहे.

कलम ६. माझा धाकटा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला शाळेत घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सर्व मी केले. तो बोलका होता, माणसे त्याला चटकन जवळ करायची. तो पाण्याचे पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत विक्री व्यवस्थापक झाला.

आमच्या कार्यालयाकडे पाइपवाल्यांबद्दल तक्रार आली होती. नगरपालिका पाइपांसाठी निविदा मागवत, तेव्हा कंपन्या आधीच गावे वाटून घेत. या गावाचे काम तुझे, त्या गावाचे माझे, बाकीच्यांनी मुद्दाम चढा भाव भरायचा. तक्रारीत चार कंपन्या होत्या. एका शुक्रवारी दुपारी पाचवी जोडली गेली, ती माझ्या भावाची. मंगळवारी सकाळी पाचही ठिकाणी एकाच वेळी झडती घालायची ठरली. झडतीचे आदेश मीच लिहिले होते.

मी तासाभरात संचालकांना लेखी कळवले की पाचव्या कंपनीत माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले,

"बरं केलंत. झडतीनंतर तुम्ही या प्रकरणातून बाजूला व्हा. तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये."

"रविवारी तो माझ्याकडे जेवायला असतो."

"मग हवापाण्याचं बोला."

संचालकांवर मी पुढे पुष्कळ वर्षे मनात राग धरला. तो मी या कलमाने मागे घेतो. त्यांनी सांगितले ते बरोबर होते.

रविवारी भाऊ एकटाच आला. जेवला नाही, नुसते चिवडले. मग म्हणाला,

"दादा, समज एखाद्याला तुमच्याकडे काही सांगायचं असलं, तर कुठं सांगतात?"

"कार्यालयात. दहा ते पाच."

"घरी नाही ऐकत तू?"

"घरी मी वकील नसतो."

"मग काय असतोस?"

मी म्हणालो, "चहा टाकतो."

मी चहा टाकला. तो माझ्या मागे स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "मोठे साहेब चिठ्ठ्या लिहून देतात रे. मी नुसता पोचवतो." मोठे साहेब म्हणजे त्याच्या कंपनीचे मालक. मी पाणी ओतत राहिलो. म्हणालो, "साखर किती?" त्याच्या चहात साखर किती हे मला तो पाच वर्षांचा असल्यापासून माहीत होते.

इथे एक गोष्ट नीट नोंदवणे जरूर आहे. आमच्या कायद्यात माफीचा नियम आहे. हातमिळवणीत असलेल्यांपैकी जो सर्वांत आधी स्वतःहून येऊन कबुली देतो आणि पुरावा देतो, त्याला शिक्षा माफ होते. दुसऱ्याला थोडी सूट, तिसऱ्याला जवळजवळ काही नाही. हा नियम गुप्त नाही. तो वर्तमानपत्रांत छापून येतो, आमच्या दारावरच्या फलकावर लावलेला आहे. 'उद्या दहाला ये आणि सर्वांत आधी ये' एवढे मी त्याला सांगितले असते तर त्यात कोणताही गुपितभंग नव्हता. कोणत्याही रस्त्यावरच्या माणसाने विचारले असते तर मी सांगितलेच असते. भावाला सांगितले नाही. मला भीती वाटली की मी तोंड उघडले तर माझ्या चेहऱ्यावर त्याला मंगळवार दिसेल. गेली चौदा वर्षे मी या वाक्याच्या पुढे जाऊ शकलेलो नाही.

निघताना त्याने पिशवीतून एक तपकिरी पाकीट काढले. त्यावर नाव नव्हते, पत्ता नव्हता. मी हात पुढे केला नाही. त्याने ते पुस्तकांच्या फळीवर ठेवले आणि म्हणाला, "ठेवलंय. काय करायचं ते तुला कळेल."

तो गेल्यावर मी पाकिटासमोर उभा राहिलो. कार्यालयात जमा करावे तर ते विचारणार, कुठून आले, कधी आले, आणि भाऊ त्यात अडकणार. परत करावे तर त्याला संशय येणार. तेव्हा मी जे केले ते माझ्यासारख्याच माणसाला सुचले असते. मी ते उघडले नाही. न उघडलेले, शिक्का नसलेले पाकीट म्हणजे आलेच नाही, असे ठरवून कपाटाच्या खणात ठेवले आणि कुलूप लावले. मला त्या वेळी आपण फार नेमके वागलो असे वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

मंगळवारी झडत्या झाल्या. त्याच दुपारी पाचांपैकी एक प्रतिस्पर्धी कंपनी कबुली घेऊन आमच्या दारात आली आणि माफी तिला मिळाली. भावाच्या मोठ्या साहेबांनी सांगितले की हे सर्व विक्री व्यवस्थापकाने आपल्या पाठीमागे केले, आपल्याला कल्पनाही नव्हती. त्यांच्याविरुद्ध कागद सापडला नाही. त्यांच्या चिठ्ठ्या कंपनीत नव्हत्याच.

मी प्रकरणातून बाजूला झालो होतो, तरी सुनावणीच्या वेळी एकदा व्हरांड्यात भाऊ समोर आला. हळूच म्हणाला, "दादा, ते पाकीट?" मी म्हणालो, "इथे बोलू नकोस." त्याने मान हलवली, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पाकीट मी दिले आहे, आत कुठेतरी फाइलला लागले आहे आणि वेळ आली की बाहेर निघेल, असे तो समजला. त्यामुळे पुढचे सात महिने तो गप्प बसला. त्याचा वकील त्याला म्हणत होता, साहेबांचे नाव घ्या. तो म्हणायचा, थांबा, कागद आहेत. हे मला पुढे भावजयीने सांगितले, दारात उभी राहून.

निकाल लागला. त्यात वाक्य आहे: 'या संगनमताचा मुख्य सूत्रधार विक्री व्यवस्थापकच होता, वरिष्ठांना माहिती असल्याचा पुरावा नाही.' निकालाच्या दिवशी भावाने माझ्याकडे पाहिले आणि तो सरळ जिना उतरून गेला. त्यानंतर तो या घरी आला नाही. त्या धंद्यात त्याला पुन्हा कोणी घेतले नाही. तो एका गोदामाच्या वजनकाट्यावर कारकून झाला आणि चौदा महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, काट्यावर ट्रक उभा असताना खुर्चीतच गेला. ट्रकवाल्याला वाटले, साहेब आकडा बघतायत. तो भोंगा वाजवत राहिला.

माझी पुतणी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने कॉलेज सोडून रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. भावजयीने मला प्रेताला हात लावू दिला नाही. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दहा ते पाच." भावाने तो रविवार तिला शब्दन्‌शब्द सांगितला होता.

मला मात्र निवृत्तीच्या वेळी प्रशस्तिपत्र मिळाले. सख्खा भाऊ गुंतलेला असूनही तासाभरात लेखी कळवले आणि शब्द फुटू दिला नाही, म्हणून. माझे उदाहरण नव्या वकिलांच्या प्रशिक्षणात आजही दिले जाते. ते थांबवावे असे मी कार्यालयाला लिहिले आहे. भिंतीवरचे प्रशस्तिपत्र दंतवैद्यांनी चौकटीतून काढून फाडावे. चौकट चांगली आहे, ती कोणाला हवी असल्यास द्यावी.

कलम ७. तपासणीचा अहवाल आला त्या आठवड्यात मी खण उघडला आणि पाकीट फोडले. आत तेवीस चिठ्ठ्या होत्या, सर्व मोठ्या साहेबांच्या अक्षरात. कोणते गाव सोडायचे, कोणाला किती चढा भाव भरायला सांगायचा, प्रत्येकीखाली त्यांची आद्याक्षरे. आणि सोबत भावाने आमच्या संचालकांना लिहिलेला अर्ज होता, त्या रविवारची तारीख घातलेला. त्यात तो सर्व कबूल करतो, माफीच्या नियमाचा क्रमांक घालून माफी मागतो आणि शेवटी लिहितो: 'मला स्वतः यायची भीती वाटते. माझे मोठे भाऊ आपल्या कार्यालयात आहेत, त्यांच्या हाती हा अर्ज पाठवत आहे.'

म्हणजे नियम त्याला माहीत होता. मी सांगण्याची गरजच नव्हती. सोमवारी सकाळी दहाला मी नेहमीप्रमाणे कापडी पिशवी घेऊन कार्यालयात गेलो होतो. त्या पिशवीत हे पाकीट असते तर तो रांगेत पहिला असता.

या कलमाने पुढील व्यवस्था करतो. चिठ्ठ्या आणि अर्ज, मूळ स्वरूपात, माझ्या पुतणीचे आहेत. निकालातले ते वाक्य काढून टाकण्यासाठी वारस म्हणून अर्ज करण्याचा हक्क तिला व तिच्या आईला आहे. करावा की नाही हे त्यांनी ठरवावे. त्यासाठी लागणारे माझे प्रतिज्ञापत्र मी शपथेवर केले आहे. त्यात वरील सर्व आहे, माझी बाजू सावरणारा एकही शब्द नाही. ते वापरल्यास माझे निवृत्तिवेतन थांबेल आणि माझ्यावर कारवाई होईल, याची मला कल्पना आहे.

आधी मी असे लिहिणार होतो की पाकीट माझ्या मृत्यूनंतर द्यावे. दोन दिवस तसेच लिहून ठेवले होते. मग लक्षात आले की मी पुन्हा तेच करतो आहे, खणात ठेवून कुलूप लावतो आहे, फक्त या वेळी कुलूप म्हणजे मरण. तो मजकूर रद्द केला. प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी स्वतः कार्यालयात नेऊन दिली. आवक खिडकीवरच्या मुलीने मला ओळखले नाही.

"कशासंदर्भात?"

"पाइपच्या जुन्या प्रकरणात. विक्री व्यवस्थापकाबद्दल."

"तुमचा त्यांच्याशी संबंध?"

"मोठा भाऊ."

तिने शिक्का मारून पोच दिली. ती पोच प्रतिज्ञापत्राला जोडली आहे.

कलम ८. माझे राहते घर, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आतल्या सामानासह, मी माझ्या पुतणीला देतो. ती आणि भावजय टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत भाड्याने राहतात. भावजयीची दृष्टी कमी झाली आहे आणि त्या जिन्याला कठडा नाही. मी दोनदा जाऊन खालून पाहून आलो आहे. या देण्याला कोणतीही अट नाही. माझा फोटो लावण्याची, माझ्याबद्दल बरे बोलण्याची, पाकिटाचे काही करण्याची किंवा न करण्याची, कसलीही नाही. हे देणे कोणत्याही कारणाने रद्द झाल्यास किंवा तिने नाकारल्यास घर रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक वाचनालयाला जावे. त्यांच्याकडे बसायला जागा नाही, लोक उभ्याने वाचतात.

इथवरचा मजकूर कालपर्यंत लिहून झाला होता.

कलम ९. हे कलम आज, पुतणी समोर बसलेली असताना लिहीत आहे. दंतवैद्यही हजर आहेत. आज काय झाले ते नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्यामुळे कलम ८ चा परिणाम बदलतो.

पुतणीला मी पत्र पाठवले होते. पहिले न उघडता परत आले. दुसऱ्याला एका ओळीचे उत्तर आले: 'गुरुवारी बारा वाजता येते. जेवणार नाही.' ती बाराला आली. आता एकतीस वर्षांची आहे आणि फार कमी बोलते. मी तिच्यापुढे पाकीट आणि हे मृत्युपत्र ठेवले. तिने आधी वडिलांचा अर्ज वाचला, दोनदा. मग चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या, प्रयोगशाळेत काचपट्ट्या पाहतात तशा, कडेला धरून. मग हे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून वाचले. कपाटाच्या कलमाशी तिने एकदा दंतवैद्यांकडे पाहिले. ते खिडकीकडे बघत होते.

वाचून झाल्यावर म्हणाली, "हे इथंच होतं? एवढी वर्षं?"

"हो. त्या खणात."

"बाबा गेले त्या दिवशीही?"

"हो."

"त्या दिवशी तुम्ही आमच्या दारात तासभर उभे होतात. तेव्हा खिशात किल्ली होती?"

"होती."

दंतवैद्य उठून म्हणाले, मी बाहेर थांबतो. ती म्हणाली, "नाही डॉक्टर, बसा. बाहेर जाऊन गप्प बसणारी माणसं आमच्या घरात पुष्कळ आहेत."

मग तिने चिठ्ठ्या, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र मोजून आपल्या पिशवीत ठेवले. म्हणाली, "हे नेते. सोमवारी वकिलाकडे जाते. तुमचं निवृत्तिवेतन गेलं तर जाऊ दे."

"जाऊ दे."

"घर नको."

मी म्हणालो, "आईच्या जिन्याला कठडा नाही."

"कठडा मी लावून घेईन. आई या घरात पाय ठेवणार नाही, आणि तुम्ही मेल्यावरही हे तुमचंच घर असणार. नको."

"नाकारायला तुला मी गेल्यानंतर वेळ आहे. आत्ता ठरवू नकोस."

"नंतर कशाला? तोवर आई जिन्यावरून पडली म्हणजे मी घेईन, असं वाटतंय ना तुम्हाला?" तिने बोट शेवटच्या पानावर ठेवले. "इथं दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टर. दुसरं कोण?"

"त्यांच्या दवाखान्यातली परिचारिका. एक वाजता खाली येणार आहे."

"तिला नका बोलावू. मी करते सही."

मी तिला नियम सांगितला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र कायम राहते, पण त्याचे मिळणे रद्द होते. तू सही केलीस की घर वाचनालयाकडे जाईल. पाकिटाला धक्का लागणार नाही, ते मी आज हातोहात दिले आहे.

"पक्कं? मग नंतर कोणी मला घ्यायला लावू शकणार नाही?"

"कोणी नाही."

"तुम्हीसुद्धा? मी गेल्यावर बसून नवीन लिहाल."

"नाही लिहिणार," मी म्हणालो. ते इथे लिहूनही देतो. हे मृत्युपत्र मी बदलणार नाही. कलम ८ मी खोडलेले नाही आणि खोडणार नाही. देणाऱ्याने दिले होते आणि घेणारीने नाकारले, हे दोन्ही कागदावर राहावे.

दंतवैद्य न राहवून म्हणाले, "ताई, तीन खोल्या आहेत. जरा विचार करा. रागाच्या भरात—"

"डॉक्टर, मी रागात असते तर आलेच नसते."

मग ती मला म्हणाली, "साक्षीदार म्हणजे मी नेमकं काय कबूल करते?"

"की मी तुमच्यादेखत सही केली, आणि त्या वेळी मी शुद्धीवर होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"यात लिहिलंय ते मी ऐकून घेतलं, मला पटलं, असलं काही नाही?"

"नाही."

"आणि माफी?"

"ती यात येत नाही."

"मग द्या पेन," ती म्हणाली.

मी आधी सही करतो, मग ती करील. कायद्याने क्रम तसाच लागतो.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, गुरुवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटे

लिहून ठेवणार
(सही)
निवृत्त सरकारी वकील, स्पर्धा-कार्यालय

साक्षीदार पहिला
(सही)
दंतवैद्य, तिसरा मजला. लिहिणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. अंमलबजावणी मान्य. कपाट, किल्लीसह, आजच हातोहात मिळाले.

साक्षीदार दुसरी
(सही)
विक्री व्यवस्थापकाची मुलगी. लिहिणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर होते. त्या रविवारीही होते.